वाचनाचा हक्क आणि अर्थाचा हक्क

गावगाड्यात कागदाचा आणि आपला संबंध जुना आहे. पण तो वाचण्याचा नव्हता, वाहण्याचा होता. सरकारी टपाल एका गावच्या चावडीतून दुसऱ्या गावच्या चावडीत पोचवणे, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जाणे, मरणाचे सांगावे नेणे ही येसकराची, तराळाची कामे. कागद मुंडाशात खोचलेला असे आणि त्यात काय लिहिले आहे हे त्या मुंडाशाखालच्या डोक्याला ठाऊक नसे. वाहणारा एक, वाचणारा दुसरा आणि वाचलेल्यातून काय करायचे ते ठरवणारा तिसरा. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले. अर्थ कुणाला कळावा आणि कुणाला कळू नये, याचीही विभागणी तिने केली होती. ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक आहे, जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. या लेखात मला एका वरवर किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास मांडायचा आहे. प्राथमिक शाळेतल्या आपल्या मुलांना इंग्रजीतला माहितीचा मजकूर वाचून समजायला कोण शिकवते? मी गोष्टी आणि कवितांविषयी बोलत नाही. विज्ञानाचा धडा, बाटलीवरची सूचना, अर्जाखालच्या अटी, कोर्टाचा निकाल, असा मजकूर मला अभिप्रेत आहे. हा प्रश्न अध्यापनपद्धतीचा आहे, तो डी.एड.वाल्यांनी पाहावा, असे कुणी म्हणेल. मला तसे म्हणता येत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या आज्याने अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गायरानाचा एक तुकडा दगडधोंडे वेचून वहितीला आणला होता. मराठवाड्यात आपल्या हजारो कुटुंबांनी असेच केले. १९५९ आणि १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांनी या मागणीला बळ दिले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करायचे ठरले. आज्याकडे दंडाच्या पावत्या होत्या, १-ई च्या नोंदवहीत नाव होते. तरी तुकडा नावावर झाला नाही आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेले. २००३ साली तिथला निकालाचा कागद घरी आला. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमामुळे वरच्या कोर्टाचे कामकाज इंग्रजीत चालते. कागद इंग्रजीत होता आणि मी नववीत होतो.

संध्याकाळी वस्तीतली माणसे आमच्या दारात जमली. कंदिलाच्या उजेडात मी तो कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. एकाही शब्दाला अडखळलो नाही. शाळेत माझे मोठ्याने वाचन चांगले म्हणून गुरुजी मला नेहमी उभे करीत. एक म्हातारा म्हणाला, "काय फडाफडा वाचतंय पोरगं!" आज्याने विचारले, "मंग काय म्हणतोय रं कागद?"

मी कागदाकडे पाहिले. एक शब्द ओळखीचा होता, ‘लिबर्टी’. त्याचा अर्थ मी पाठ केला होता. मी म्हणालो, "आबा, आपल्याला स्वातंत्र्य दिलंय."

त्या रात्री वस्तीत गूळ वाटला गेला. वकील औरंगाबादेत होता. पण त्याला विचारायला कुणी गेले नाही, कारण घरात वाचणारा होता.

अकरावीनंतर पुढे केव्हातरी मी तो कागद पुन्हा उघडला, तेव्हा त्यातले वाक्य मला कळले. अर्जदाराला चार आठवड्यांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे निवेदन करण्याची मुभा आहे, आणि त्या निवेदनाचा निर्णय होईपर्यंत जागेची स्थिती आहे तशी ठेवावी. ‘लिबर्टी’ म्हणजे येथे नुसती मुभा. ‘विदिन’ म्हणजे आत. ‘अंटिल’ म्हणजे तोपर्यंत. चार आठवडे गुळाच्या आनंदात केव्हाच सरले होते. तो तुकडा आज आमच्याकडे नाही.

आमच्या घराण्यात कागद वाहणाऱ्या पिढीनंतर कागद वाचणारी पिढी आली, ती माझी. पण अर्थ तिसऱ्याच कुणाकडे राहिला. म्हणून हा प्रश्न मला केवळ अध्यापनपद्धतीचा वाटत नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या मुक्तीच्या वाङ्मयाची सुरुवात कुठून झाली याचा विचार करताना आपण कविता, जलसे, आत्मकथने यांचा मान राखतो आणि तो राखलाच पाहिजे. परंतु पहिला उद्गार निबंधाचा होता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तेव्हा तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास होते. त्या निबंधात काल्पनिक असे काही नाही. घडलेले प्रसंग आहेत, त्यांची कारणे आहेत आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष आहेत. असे लिहिणारी मुलगी असे वाचायलाही शिकली असली पाहिजे. फुल्यांच्या शाळेत अक्षराबरोबर प्रश्न शिकवला जात होता, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी इंग्रजीत निवेदन दिले. त्यातली प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाची मागणी आपण नीट वाचलेली नाही. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. या यादीत पुराणकथेला जागा नाही. शेतकऱ्याच्या पोराला जमिनीचा, हिशेबाचा, आरोग्याचा मजकूर वाचता आला पाहिजे, तो वाचता आला तरच कुळकर्ण्याच्या लेखणीतून त्याची सुटका होईल, हे त्या यादीमागचे गणित होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाला कागद कसा फसवतो हे पक्के माहीत होते.

दुसरा प्रवाह लष्कराचा. कंपनीच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या फौजेत आपली माणसे होती आणि त्या फौजेत शिपायांच्या मुलांमुलींना शिक्षण सक्तीचे होते. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर ही शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत त्या काळातले आपले पुढारी सरकारकडे अर्जामागून अर्ज करीत होते, त्यामागे हे दुःखही होते.

रामजींनी भिवाला इंग्रजी कसे शिकवले? हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून करून घेतल्या. भाषांतर पाठमाला म्हणजे काय, ते लक्षात घ्या. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचा अर्थ धरायचा आणि तो अर्थ इंग्रजीत उतरवायचा, मग उलट. या वाटेने जाणाऱ्या मुलाला अर्थाला बगल देऊन पुढे जाताच येत नाही. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पाया मराठीच्या आधाराने असा बांधला गेला. आपल्या घरातल्या भाषेला बाजूला सारून तो बांधलेला नव्हता.

पुढे या वाचनाचे काय झाले, ते आपण जाणतो. १९१८ चा शेतीच्या तुकड्यांवरचा निबंध, १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ, १९२५ चा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ, या सगळ्यांमागे सरकारी अहवाल, कोष्टके, अंदाजपत्रके यांचे वर्षानुवर्षांचे वाचन आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा, हा त्याचा आशय. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे खुले होते आणि तळ्यावर सगळे बंद होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या कागदाचा अर्थ हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत नेला. वाचनाचे आकलन म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण कोणत्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मिळेल?

मराठवाड्याची कहाणी मात्र निराळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि दरबाराची, दफ्तराचीही उर्दू. मराठी बोलणाऱ्या दलिताच्या पोराला अक्षराचा उंबरठाच दुर्मिळ, त्यात तो परक्या लिपीचा. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेव्हा जालना, अंबड, भोकरदनच्या खेड्यांतून पहिली पोरे पत्र्याच्या पेट्या घेऊन तिकडे निघाली. महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेनाला तो प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि उत्तर पटले की मोकळेपणाने मान्य करतो. विद्येच्या घराला बाबासाहेबांना प्रश्नकर्त्याचे नाव द्यावेसे वाटले, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान इंग्रजीचे धोरण पुढे-मागे हलत राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाने इंग्रजी आठवीवर नेले. पुढे ते महाराष्ट्रात पाचवीवर आले. मी १९९८ साली पाचवीत गेलो तेव्हा ए-बी-सी-डी हाती आली. २००० च्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांची भूमिका अशी होती की शहरातल्या मूठभरांच्या पोरांना जे मिळते ते खेड्यातल्या बहुजनांच्या पोरांनाही मिळाले पाहिजे. अनेक साहित्यिकांनी विरोध केला. आपल्यापैकी बहुतेकांनी स्वागत केले आणि ते योग्यच होते. ज्यांची मुले कॉन्व्हेंटात जातात त्यांनी आपल्याला मातृभाषेची महती सांगावी, हे आपल्याला कसे पटणार?

परंतु स्वागत करताना एक प्रश्न विचारायचा राहिला. इंग्रजी पहिलीत आले. इंग्रजीचा अर्थ कितवीत येणार?

तीन हिवाळ्यांपूर्वी मी आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शनिवारी जायला लागलो. शनिवारची शाळा सकाळची असते, महाविद्यालय नंतर गाठता येते. माझ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना इतिहासाचे एक इंग्रजी पान समजत नाही, ते गाइडवर जगतात, याची कीड कुठे आहे ते मला पाहायचे होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी ‘सेमी’ सुरू केले आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. खाजगी इंग्रजी शाळांकडे जाणारी पोरे थोपवण्यासाठी शिक्षकांनी ही धडपड केली. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे.

पाचवीतल्या एका मुलाने माझ्यासमोर पाण्याच्या वाफेचा आणि ढगांचा इंग्रजी परिच्छेद वाचला. अगदी माझ्यासारखा, फडाफडा. मी विचारले, "यात काय सांगितलंय?" तो गप्प. पुन्हा विचारले. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, अर्थ पण विचारतात का?"

तो मुलगा ढ नव्हता. कापसावर दव पडले की वेचणी का लांबवतात, हे त्याने मला मराठीत सविस्तर सांगितले. उन्हाने दव कुठे जाते तेही सांगितले. म्हणजे तो धडा त्याला आधीच येत होता. फक्त त्या छापील पानाचा आणि आपल्या ज्ञानाचा काही संबंध असतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

ही एकट्या शाळेची गोष्ट नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांचे इंग्रजीही तपासले जाते. २०१६ च्या पाहणीत पाचवीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली. आणि ज्या मुलांना वाक्ये वाचता आली त्यांतल्याही सुमारे ६० टक्क्यांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. लक्षात घ्या, वाचू न शकणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. वाचणाऱ्यांतलेच दहातले चार जण कंदिलाच्या उजेडातल्या माझ्यासारखे.

हा दोष केवळ आपल्या गरिबीचा आहे असेही नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकन अभ्यासिकेने १९७८-७९ साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौथीच्या वर्गांत बसून तिने वाचनाच्या तासांची एकूण ४,४६९ मिनिटे पाहिली. त्यांत अर्थ कसा लावायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेली अवघी २० मिनिटे. बाकीचा वेळ शिक्षक प्रश्न विचारून उत्तरे तपासत होते, स्वाध्याय देत होते. म्हणजे तिकडेही आकलनाची परीक्षा होती, आकलनाचे शिक्षण नव्हते. फरक इतकाच की जिथे घरात पुस्तके आणि पुस्तकी माणसे असतात तिथे शाळेने न शिकवलेले घर शिकवते. आपल्या मुलाचे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असते.

आपल्याकडे हा विचार झालाच नव्हता असेही नाही. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत होता. १९२६ साली बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर त्याने ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बंगाली मुलाला इंग्रजीची खरी गरज ज्ञानाचा, माहितीचा मजकूर वाचण्यासाठी आहे, म्हणून बोलण्याआधी समजून वाचणे शिकवा आणि नेमके नेहमी लागणारे शब्द आधी द्या. तो वसाहतीचा नोकर होता, त्याच्या हेतूंची चिकित्सा जरूर करावी. पण शंभर वर्षांनंतरही ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्यांखाली आपली पोरे पैसे भरत असताना त्याचा मुद्दा शिळा झाला आहे असे मला वाटत नाही.

त्या शनिवारांत आम्ही काय केले ते आता सांगतो. त्यात नवा शोध काही नाही, पण ते कुणालाही करता येण्यासारखे आहे.

पहिले वाचन आम्ही पुस्तकातून घेतलेच नाही. कीटकनाशकाची एक रिकामी बाटली, स्वच्छ धुऊन, झाकण लावून, मी टेबलावर ठेवली. जालना हा कापसाचा जिल्हा. अशी बाटली न पाहिलेले मूल वर्गात नव्हते. लेबलावर तिरपा चौकोन असतो आणि त्याचा खालचा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालचा, निळा मध्यम, हिरवा सौम्य. वर लाल-पिवळ्याला ‘पॉयझन’, निळ्याला ‘डेंजर’, हिरव्याला ‘कॉशन’ असा शब्द. तीन शब्द, तीन पायऱ्या. मुलांनी आधी मराठीत सांगितले : कोणत्या बाटलीला घरात कुठे ठेवतात, फवारून आल्यावर बाप काय करतो, कुणाला कधी चक्कर आली. मग आम्ही इंग्रजी वाक्याकडे वळलो. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, अशा अर्थाची सूचना होती. त्यातला ‘रीच’ शब्द वाचून एक मुलगी म्हणाली, "सर, श्रीमंत पोरांपासून लांब ठेवा म्हणतेत. गरिबाच्या पोराला चालतं."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. ‘रिच’ म्हणजे श्रीमंत हे तिला येत होते, जसे मला ‘लिबर्टी’ येत होते. एका ओळखीच्या शब्दावर अख्खे वाक्य उभे करायचे, ही आपली सवय आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. पण बाटलीवरचा कागद आणि ती बाटली हाताळणारा माणूस यांच्यात किती अंतर आहे, हेही त्यातून दिसले.

म्हणून आम्ही काही नियम केले. पान वाचण्याआधी चित्र, मथळा, चित्राखालची ओळ पाहायची आणि या विषयावर आपल्याला काय माहीत आहे ते मराठीत बोलायचे. मग एकेक वाक्य. कोण, काय करतो, केव्हा, कशामुळे? उत्तर देताना बोट त्या ओळीवर ठेवायचे. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर पानातले नाही, आपल्या मनातले आहे. ‘बिकॉज’, ‘बट’, ‘इफ’, ‘अनलेस’, ‘विदिन’, ‘अंटिल’ या छोट्या शब्दांची भिंतीवर वेगळी यादी. माणसाचे नशीब अशाच शब्दांत अडकलेले असते. शेवटी पानात काय सांगितले ते घरी आईला तिच्या बोलीत सांगायचे आणि आईने विचारलेला प्रश्न पुढच्या शनिवारी आणायचा. अनेक शनिवारी आयांचे प्रश्न पुस्तकातल्या प्रश्नांहून चांगले निघाले.

मराठी मधे आणली तर इंग्रजी पक्के होत नाही, असे एका शिक्षकमित्राने बजावले. मी त्याला रामजी आणि तर्खडकर सांगितले. अमेरिकेतला १९८८ चा रेख्ट आणि लेस्ली यांचा प्रयोगही सांगितला. त्यांनी ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचा एक मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलनाचे अर्धे भांडवल वाचणाऱ्याच्या अनुभवात असते. आपल्या मुलांकडे ते भांडवल भरपूर आहे. माती, पाणी, जनावर, कापूस, मोसंबी, वीटभट्टी, उसाचा फड. पण शाळेच्या दाराशी ते चपलेसारखे बाहेर काढून ठेवायला आपण शिकवले. अनुभव बाहेर आणि अक्षर आत, ही नवी अस्पृश्यताच आहे.

आपल्या चळवळीत इंग्रजीविषयी दोन टोके आहेत. एका टोकाला इंग्रजी ही देवी. चंद्रभान प्रसाद यांच्या प्रेरणेने उत्तर प्रदेशातल्या बांका गावी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचे काम सुरू झाले. त्यामागची तळमळ मला समजते. संस्कृतने ज्यांचे कान बंद केले त्यांनी दुसरी भाषा डोक्यावर घ्यावी यात नवल नाही. पण देवी केली की माणूस मंत्र म्हणतो, अर्थ विचारत नाही. अर्थ न कळता मंत्र म्हणण्याच्या संस्कृतीतून तर आपण बाहेर पडलो आहोत. दुसऱ्या टोकाला भाषेच्या अस्मितेचे राजकारण. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले, त्यांवर महाराष्ट्रभर रण माजले आणि जूनअखेर ते मागे घेतले गेले. त्या सगळ्या गदारोळात पहिलीत किती भाषा असाव्यात यावर सर्वजण बोलले. पाचवीतल्या पोराला त्यांपैकी एका तरी भाषेतला परिच्छेद वाचून समजतो का, हे फारसे कुणी विचारले नाही.

आपण विचारले पाहिजे. प्रवेशासाठी आपण लढलो, शिष्यवृत्तीसाठी लढलो, विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढलो आणि त्या लढ्यात माणसे गमावली. दार उघडले. आता आतल्या पानावरचा अर्थ ताब्यात घेण्याची लढाई उरली आहे. तिला मोर्चा लागत नाही. शनिवारची सकाळ, एक बाटली, एक पान आणि बोट ठेवून प्रश्न विचारणारा एक माणूस लागतो. खेड्यातल्या प्रत्येक पदवीधराने एवढे केले तरी पुष्कळ होईल. शिक्षकांनीही मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला शाबासकी देण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा.

गेल्या वर्षी, त्या पहिल्या वर्गातली मुले सातवीत असताना, मी धाडस केले. कोर्टाच्या कागदातले ते वाक्य, नावे वगळून, सोपे करून फळ्यावर लिहिले. कुठले आहे ते सांगितले नाही. ‘श्रीमंत पोरां’वाली मुलगी पुढे आली. तिने भिंतीवरच्या यादीकडे एकदा पाहिले, फळ्यावर ‘विदिन’वर बोट ठेवले, मग ‘अंटिल’वर. थोडा वेळ ओठ हलवत राहिली.

"सर, स्वातंत्र्य नाही दिलेलं," ती म्हणाली. "चार आठवड्यांच्या आत अर्ज करायची परवानगी दिलीय. आणि निर्णय होईपर्यंत कुणी हलवायचं नाही." मग तिने मागे वळून विचारले, "मग त्या माणसानं केला का अर्ज?"

नाही केला, मी म्हणालो. त्याच्या घरात वाचणारा होता, समजणारा नव्हता.

आजा आता नाही. असता तर त्या शनिवारी मी त्याला वर्गात आणून बसवले असते.